‘शिक्षा’ या शब्दाची मालकी

महाराष्ट्रातील मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, १७ जूनला तो सुधारला गेला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचे जाहीर झाले. सहा वर्षांच्या मुलाने किती भाषा शिकाव्यात हा त्या वादातला खरा प्रश्न होता आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्या वादाच्या कडेने सारख्या डोकावणाऱ्या एका शब्दाबद्दल. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, एवढ्या भांडवलावर दोन्हीकडच्या मंडळींनी आपापले किल्ले उभारले. एका बाजूचे म्हणणे असे की संस्कृतातला पवित्र शब्द मराठीने बिघडवला, हिंदीने तो शुद्ध राखला, म्हणून मराठी मुलांना मूळ अर्थाची ओळख झाली तर बिघडले कुठे? दुसऱ्या बाजूने उत्तर आले की मराठीचाच अर्थ जुना आणि खरा आहे, हिंदीवाल्यांनी तो पाठ्यपुस्तकी केला. या दोघांच्या मधून तिसरा एक उपहास ऐकू येत होता: ज्या भाषेत शिक्षा म्हणजे मार, त्या समाजाने शिक्षणाकडे कोणत्या नजरेने पाहिले हे वेगळे सांगायला हवे काय?

माझ्या मते या तिन्ही म्हणण्यांत एकच चूक आहे. शब्दाचे मूळ सापडले की त्याच्या अर्थाचा निकाल लागला, असे हे तिघेही गृहीत धरतात. मूळ शोधल्याने शब्द कोठून आला हे कळते. आज तो कोणत्या अर्थाने वापरावा हे सांगण्याचा अधिकार त्या मुळाला नसतो, आणि ज्या भाषेने तो मुळाच्या जवळच्या अर्थाने ठेवला तिलाही नसतो. ‘शिक्षा’ या शब्दाइतका याचा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

मुळाकडेच जायचे तर अर्ध्या वाटेत थांबू नये. व्याकरणदृष्ट्या ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे या धातूचे इच्छार्थक रूप आहे, म्हणजे समर्थ होऊ पाहणे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील बेडकांच्या सूक्तात (७.१०३) या शब्दाचे एक फार गोड चित्र आहे. पावसाच्या सरी कोसळल्यावर एक बेडूक दुसऱ्याच्या बोलण्यामागून बोलतो, ‘शाक्तस्येव वदति शिक्षमाणः’, जसा शिकणारा समर्थ गुरूच्या मागून म्हणतो. गुरू तो ‘शाक्त’, ज्याला येते आहे तो. शिष्य तो ‘शिक्षमाण’, ज्याला येऊ लागावे असे वाटते आहे तो. दोन्ही शब्द एकाच धातूचे. घोकंपट्टीच्या वर्गाचे इतके जुने आणि इतके नेमके वर्णन मला तरी दुसरे ठाऊक नाही, आणि ते करायला कवीला बेडूकच सापडावेत यातही काहीतरी आहे.

पुढे तैत्तिरीय उपनिषदात हा शब्द दीर्घ ईकाराने येतो: ‘शीक्षां व्याख्यास्यामः’. शिक्षेचे व्याख्यान करतो असे म्हणून ऋषी लगेच तिचे घटक सांगतात, ते म्हणजे वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान. हा सगळा उच्चाराचा मामला आहे. सहा वेदांगांतले ‘शिक्षा’ हे अंगही तेच, वेदमंत्र बिनचूक कसे म्हणावेत याचे शास्त्र. तेव्हा जुना तोच खरा हा न्याय लावायचा झाला तर दिल्लीत २०२० साली मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे जे ‘शिक्षा मंत्रालय’ झाले, त्याने ऱ्हस्व-दीर्घ आणि उदात्त-अनुदात्त एवढेच पाहावे. गणित आणि भूगोल त्याच्या कक्षेबाहेर ठेवावेत. आणखी मागे गेलो तर ऋग्वेदात हाच धातू साहाय्य करणे, देणे या अर्थानेही येतो. म्हणजे मंत्रालयाने फक्त शिष्यवृत्त्या वाटाव्यात. हा फाटे फोडण्याचा प्रकार वाटेल, पण मुळाचा हट्ट धरणाऱ्याला मूळ कोठे संपते हे कधी तरी सांगावेच लागते. सोयीच्या फांदीवर थांबून तिलाच मूळ म्हणायचे, ही त्या वादातली नेहमीची चलाखी होती.

मग दंडाचा अर्थ मराठीने आपल्या पदरचा घुसवला काय? तसेही नाही. मोनिअर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत कोशात ‘शिक्षा’ या नोंदीखाली अध्ययन, कौशल्य, उपदेश यांच्यानंतर ताडन आणि दंड हा अर्थ दिलेला आहे, मात्र त्याचा आधार उत्तरकालीन टीकाग्रंथातला आहे. म्हणजे अर्थ उशिराचा, पण संस्कृतच्या घरातलाच. तो तेथे कसा पोचला हे समजायला शेजारचा ‘शास्’ धातू पाहावा. शिकवणे, आज्ञा करणे आणि दंड करणे ही तिन्ही कामे हा एकच धातू करतो. त्याच्यापासून शास्त्र आले, शिष्य आला, अनुशासन आले, राज्य चालवणारे शासन आले आणि ‘गुन्हेगाराला शासन झाले’ यातले शासनही आले. बंगालीत दंडाला जो ‘शास्ति’ शब्द आहे तो ‘शास्त्रा’चा सख्खा भाऊ. बुद्धाला पाली ग्रंथ ‘सत्था’ म्हणतात, म्हणजे शास्ता, शिकवणारा. शिकवणे, वळण लावणे, चुकल्यावर सुधारणे आणि सुधारण्यासाठी दंड करणे या चार पायऱ्या एकाच जिन्याच्या आहेत. शब्द त्यांच्यावरून चढतात-उतरतात. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथातही हा जिना दिसतो. स्वर चुकल्याने ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा अर्थ उलटला आणि मंत्र म्हणवून घेणाऱ्याचाच घात झाला, ही जुनी कथा तेथे चुकीच्या उच्चाराचा धाक म्हणून सांगितली आहे. उच्चाराच्या शिक्षेतच चुकल्याची शिक्षा सांगून ठेवलेली आहे!

भारताच्या नकाशावर या शब्दाचे दोन अर्थ कसे पसरले आहेत ते पाहिले म्हणजे ‘मराठीने बिघडवला’ हा आरोप आणखीच लंगडा पडतो. हिंदी, बंगाली, असमिया, ओडिया, नेपाळी यांत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत दंड, कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजे दंड, तेलुगूत आणि मल्याळममध्ये ‘शिक्ष’ म्हणजे दंड. गुजराती दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभी आहे. तिथे ‘शिक्षण’ वेगळे, ‘शिक्षा करणे’ म्हणजे दंड करणे, आणि तरीही १८२६ साली सहजानंद स्वामींनी लिहिलेल्या ‘शिक्षापत्री’तील शिक्षा म्हणजे उपदेश, हे स्वामिनारायण संप्रदायातल्या लहान मुलालाही कळते. ही सीमा आर्य आणि द्राविड भाषाकुळांच्या मधून जात नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पश्चिम आणि दक्षिण एका अर्थाने, उत्तर आणि पूर्व दुसऱ्या अर्थाने. असे का झाले असावे? उत्तरेत फारसी ‘सजा’ने दंडाची जागा आधीच बळकावली होती म्हणून शिक्षा मोकळी राहिली, असे एक सोपे उत्तर सुचते; पण ‘सजा’ मराठीतही होतीच. मराठीत शिकण्याचे काम ‘शिकणे’ या तद्भवाने उचलले म्हणून तत्सम शब्द दुसऱ्या कामाला लागला म्हणावे, तर हिंदीत ‘सीखना’ आहेच. भाषांच्या इतिहासात प्रत्येक वळणाला कारण सापडतेच असे नाही, आणि सापडले नाही म्हणून ते वळण चुकीचे ठरत नाही.

शिवाय ज्यांनी शुद्ध अर्थ राखला म्हणतात, त्यांच्याही घरात दुसरा अर्थ वावरतो आहे. बंगाली माणूस एखाद्याला ‘उचित शिक्षा’ द्यायची म्हणतो तेव्हा त्याला शिष्यवृत्ती द्यायची नसते. हिंदी भाषक ‘सबक सिखाऊँगा’ म्हणतो तेव्हा तो पाटी-पेन्सिल घेऊन बसत नाही. आपणही ‘चांगला धडा शिकवला’ म्हणतो, आणि या कामासाठी ‘अद्दल घडवणे’ हा वाक्प्रचारही वापरतो, ज्यातली अद्दल मूळ अरबी ‘अद्ल’, म्हणजे न्याय. शिकणे दंडाकडे सरकते आणि न्यायही दंडाकडेच सरकतो. सगळे रस्ते त्याच चौकाकडे जात असतील, तर त्या चौकात आधी पोचलेल्या एकट्या मराठीला पकडून जाब विचारण्यात काय अर्थ आहे?

समुद्र ओलांडल्यावरही हीच फाटाफूट दिसते, आणि मला या प्रकरणातला सर्वांत मौजेचा भाग हाच वाटतो. थाई भाषेत हाच शब्द ‘सुक्सा’ होऊन अभ्यास या अर्थाने राहिला; तेथील शिक्षण मंत्रालयाच्या नावात ‘शिक्षा’ आणि ‘अधिकार’ हे दोन्ही शब्द थाई उच्चारात जोडलेले आहेत. ख्मेर भाषेतही तो अभ्यासाचाच वाचक आहे. पण इंडोनेशियात आणि मलेशियात ‘सिक्सा’ किंवा ‘सेक्सा’ म्हणजे यातना, छळ. नरकातल्या यातनांना तेथे हाच शब्द लावतात. मराठीने शिक्षा केली ती दंडापर्यंत; मलय जगताने ती थेट छळापर्यंत नेली. आणि ती तेथे अशीच पोचली असेही नाही. पश्चिम जावात १५१८ सालचे म्हणजे शके १४४० चे सुंदा भाषेतील एक हस्तलिखित आहे, ‘सांगह्यांग सिक्सा कांदांग करेसियान’ नावाचे. त्यातले ‘सिक्सा’ म्हणजे नियम, आचाराचा उपदेश. एकाच बेटावर एके काळी जो शब्द वागणुकीचे नियम सांगत होता, तोच आज छळ सांगतो. आता जकार्तातल्या माणसाने बँकॉकच्या माणसाला तुझा शब्द चुकीचा म्हणावे, की उलट? दोघांनाही हा वाद सुचत नाही, कारण त्या शब्दाच्या मालकीवर दोघांचाही दावा नाही. आपल्याकडे तो सुचतो याचे कारण संस्कृत ही आपण सामायिक वडिलोपार्जित मालमत्ता समजतो, आणि मालमत्ता म्हटली की वाटणीची भांडणे आलीच.

हे केवळ संस्कृताचे दैव आहे असेही समजू नये. ग्रीक ‘पायदेइया’ म्हणजे मुलाला घडवणे, संस्कृतीचे शिक्षण. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा ‘मुसार’ या हिब्रू शब्दासाठी तोच वापरला गेला, आणि मुसारमध्ये बोधही आहे आणि ताडनही. लूकच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात येशूबद्दल म्हणतो की याला ताडन करून सोडून देतो, तेव्हा तेथील क्रियापद शिकवण्याचेच आहे. आजच्या ग्रीक भाषेत ‘पायदेइया’ शिक्षण राहिले, पण तेच क्रियापद बोलण्यात छळणे, जिवाला घोर लावणे या अर्थाने येते. लॅटिन ‘डिसिप्लिना’ शिकण्यातून निघाली, आणि मध्ययुगीन मठांत संन्यासी स्वतःला मारून घेण्यासाठी जो चाबूक वापरत त्याचेच नाव डिसिप्लिन पडले. अरबीतले ‘तादीब’ त्याच ‘अदब’चे रूप आहे, आणि त्यात संस्कार व दंड दोन्ही मावतात. (आपल्या ‘शिस्ती’चा या कुळाशी संबंध असेल असे कोणालाही वाटेल, पण ती फारसीतून आलेली आहे आणि तिचा जुना अर्थ नेम असा, बंदुकीची शिस्त धरत असत. कानाला जवळचे वाटते म्हणून मूळ ठरवू नये, याचा हा एक नमुना.)

आता विरोधी बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा. शब्द निष्पाप नसतात, असे ती बाजू म्हणते. ज्या समाजाने शिकणे आणि मार खाणे एका शब्दात बांधले त्याच्या शाळेत छडी असणारच, आणि ‘लालने बहवो दोषास्ताडने बहवो गुणाः’ हे सुभाषित पिढ्यान्‌पिढ्या गिरवणाऱ्यांनी भाषेला दोषमुक्त करू नये. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. वर सांगितलेला जिना आकाशातून पडलेला नाही. गुरूच्या हातात काठी होती म्हणून तो बांधला गेला. भारतात, जावात, ग्रीसमध्ये आणि जेरुसलेममध्ये, सगळीकडे. पण येथून मराठी समाजाबद्दल विशेष निष्कर्ष काढायचा तर तो तुलनेत टिकला पाहिजे, आणि तो टिकत नाही. मल्याळममध्ये शिक्षा म्हणजे दंड, आणि संपूर्ण साक्षरतेची घोषणा देशात प्रथम १९९१ साली केरळने केली. ज्यांच्या भाषेत शिक्षा म्हणजे केवळ विद्या, त्या प्रदेशांतल्या शाळांत छडी नव्हती असे कोणी म्हणणार आहे काय? दंडाला शिक्षा म्हणणाऱ्या पुण्यातच १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. फुल्यांचा पुकारा ‘विद्येविना मती गेली’ असा होता. तेव्हा सरकारी शिक्षण विभागालाही मराठीत ‘विद्याखाते’ म्हणत. पुढे ‘शिक्षण’ रूढ झाले आणि १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘रयत शिक्षण संस्था’ स्थापन केली. शिकण्याची भूक सांगायला या भाषेला शब्द कधी कमी पडला नाही. एक खोली दंडाला दिली म्हणून घरात अभ्यासाला जागा नव्हती असे होत नाही.

आणि शब्दावरून स्वभावच ओळखायचा तर ‘यंत्रणा’ घ्या. संस्कृतात तिचा अर्थ नियंत्रण, जखडणे आणि त्यातून होणारी पीडा. हिंदीने आणि बंगालीने पीडा उचलली. मराठीने नियंत्रणाची बाजू घेऊन ‘सरकारी यंत्रणा’ असा शब्दप्रयोग केला. त्याच न्यायाने हिंदी भाषक दुःखी आणि आपण व्यवस्थाप्रिय ठरतो. सरकारी यंत्रणेशी ज्यांचे काम पडले आहे त्यांना हिंदीचा अर्थ अधिक पटेल, ही गोष्ट वेगळी. ‘चेष्टा’ बंगालीत प्रयत्न आणि मराठीत थट्टा. म्हणून मराठी माणूस प्रयत्नांची थट्टा करतो असे सिद्ध होते काय? अरबी ‘तालीम’ही अशीच. हिंदीत ती शिक्षण आहे, मराठीत ती नाटकाची आणि कुस्तीची. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने ‘नई तालीम’ मांडली गेली, तेव्हा ती आखाड्याची योजना आहे अशी समजूत करून कोणी लंगोट कसून गेल्याचे ऐकिवात नाही. बाणभट्टाची नायिका कादंबरी मराठीत आणि कन्नडमध्ये साहित्यप्रकार झाली, हिंदीने त्याच प्रकाराला ‘उपन्यास’ म्हटले, आणि तेलुगूत उपन्यास म्हणजे व्याख्यान. या सर्वांना मुळाशी नेऊन बसवायचे ठरवले तर एकाही भाषेत सरळ वाक्य लिहिता येणार नाही.

दुसरा मुद्दा अधिक व्यवहाराचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५१ मध्ये हिंदीने आपला शब्दसंग्रह मुख्यतः संस्कृतातून आणि गौणतः इतर भाषांतून वाढवावा असे म्हटले आहे. त्यामागची आशा समजण्याजोगी आहे: तत्सम शब्द सर्वत्र ओळखीचे, म्हणून देशभर एक पारिभाषिक चलन निर्माण होईल. प्रांतोप्रांती अर्थ वेगळे राहिले तर हे चलन खोटे ठरते, तेव्हा अर्थ एक करावेत, असे या मंडळींचे म्हणणे. ही अडचण काल्पनिक नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे हिंदी नाव ‘निःशुल्क और अनिवार्य बाल शिक्षा का अधिकार अधिनियम’ असे आहे. मराठी कानाने ते ऐकले तर मुलांना फुकट आणि सक्तीची शिक्षा करण्याचा अधिकार असा अर्थ लागतो. आणि त्याच कायद्याचे सतरावे कलम मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई करते. ‘शारीरिक शिक्षा’ हे दोन शब्द तर मासलेवाईकच आहेत. हिंदी वेळापत्रकात तो मैदानावर धावायचा तास, मराठीत तो कायद्याने बंद झालेला प्रकार. भाषांतर करणाऱ्याने डुलकी घेतली तर काय होईल याची कल्पना करावी.

मात्र या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. अडचण अर्थ दोन आहेत यामुळे होत नाही. एकच लिपी आणि एकच शब्द दिसतो म्हणून भाषांतराची गरज नाही, असे मानल्याने ती होते. तमिळ किंवा इंग्रजी मजकूर समोर आला की आपण भाषांतर करतो आणि म्हणून फसत नाही. हिंदी मजकूर आला की उचलून ठेवतो. कायद्याचे मराठी नाव करताना ही काळजी घेतली गेली आणि ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ असे नाव झाले. पण २००१ पासूनचे ‘सर्व शिक्षा अभियान’ आणि २०१८ पासूनचे ‘समग्र शिक्षा’ ही नावे महाराष्ट्रात जशीच्या तशी फळ्यांवर चढली. शाळेच्या भिंतीवर ‘सर्व शिक्षा’ वाचून हसलेल्या मुलांच्या एका पिढीला आपण काय सांगणार? तुमचे मराठी कच्चे आहे म्हणून? ती मुले बरोबर वाचत होती. फळा लिहिणाऱ्याने भाषा बदलायची राहिली होती. तेथे ‘शिक्षण’ लिहायला हवे होते, आणि तसे म्हणताना हिंदीचा शब्द चुकीचा ठरवण्याची गरज मुळीच नाही. लखनौच्या भिंतीवर तो बरोबर आहे, साताऱ्याच्या भिंतीवर नाही.

एक भाषा दोन अर्थ सहज सांभाळते, हे पाहायला पोथ्या किंवा परदेश धुंडाळण्याची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या घराघरांत आणि विहारांत पंचशील म्हटले जाते. त्याची पाचही वाक्ये ‘सिक्खापदं समादियामि’ या शब्दांनी संपतात. सिक्खापद म्हणजे शिक्षापद, स्वतःहून स्वीकारलेला शिकण्याचा नियम. ते संध्याकाळी मोठ्याने म्हणणारे मूल सकाळी वर्गात उशिरा पोचले म्हणून शिक्षा होईल या भीतीने धावत गेलेले असते, आणि रात्री त्याच शिक्षकांनी दिलेला अभ्यास करत बसते. सिक्खापद, शिक्षा, शिक्षक हे तीनही शब्द त्याच्या तोंडी एकाच दिवसात येऊन जातात. त्याचा कधी गोंधळ झाल्याचे मी पाहिलेले नाही.